ठकीला घेऊन चिपळूण-मुंबई

चिपळूण ते बोरिवली म्हणजे २५० किलोमीटरच्या आसपास. पहाटे निघालं की दुपारच्या जेवणाला पोचतो, हा आमच्या घरातला जुना हिशेब. यंदा फेब्रुवारीत हाच रस्ता ठकीसाठी नव्याने मोजावा लागला. ठकी ही आईची मांजरी, वय १४, अंगावर राखाडी पट्टे. दिवाळीनंतर ती सारखं पाणी पिऊ लागली, परसात जाऊन येऊन दमू लागली, पाठीवरून हात फिरवला की मणके लागायला लागले. चिपळूणच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून गाळून टाकायचा कचरा, ४.१. मांजरात ते साधारण १.६ च्या आत असावं. २.९ ते ५ म्हणजे किडनीच्या आजाराची तिसरी पायरी. वजन २.८ किलोवर आलेलं.

सोनोग्राफी, रक्तदाब आणि लघवीची नीट तपासणी यासाठी मुंबईला न्यायचं ठरलं. तेव्हा डॉक्टर आईला म्हणाले, "न्या, पण आरामात न्या. घाबरलेल्या मांजराचे आकडे खोटे येतात." मांजर घाबरलं की त्याचा रक्तदाब चढतो, रक्तातली साखरही चढते. मग आजारामुळे वाढलंय की प्रवासाच्या धास्तीनं, हे तपासणाऱ्याला कळत नाही, आणि नको ती गोळी सुरू होऊ शकते. त्यामुळे ठकीला गाडीत बरं वाटणं ही तपासणीचीच पहिली पायरी आहे असं धरून मी, आई आणि माझा धाकटा भाऊ मंदार कामाला लागलो.

बुधवार, चिपळूण

मी बोरिवलीहून आदल्या रात्री आले होते, पण तयारी आईनं आधीच सुरू केली होती. वरचं झाकण चिमटे काढून पूर्ण सुटं होतं असा प्लॅस्टिकचा पिंजरा मंदारनं आणून दिला होता. आईनं तो दार उघडं ठेवून स्वयंपाकघरात, ठकी रोज दुपारी पडते त्या कोपऱ्यात ठेवला. आत स्वतःचं जुनं सुती पातळ घातलं, तेही न धुता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "निदान स्वच्छ तरी घाला." पण मांजराचं घर नाकात असतं. धुतलेल्या कापडाला साबणाचा वास, न धुतलेल्याला आईचा आणि चुलीचा. मी पोचले तेव्हा ठकी त्या पिंजऱ्यात आपणहून झोपत होती. प्रवासाच्या दिवशी सकाळी माळ्यावरून पिंजरा काढायचा, मांजराला त्यात कोंबायचं आणि मग ते ओरडतं म्हणून हळहळायचं, असं बहुतेक घरांत चालतं. आठवडाभर आधी पिंजरा खाली आला की अर्धी लढाई तिथेच जिंकली जाते, असं माझं ठाम मत आहे.

दुपारी गाडी धुतली नाही, फक्त पुसली, साध्या ओल्या फडक्यानं. डॅशबोर्डवरची सुगंधाची बाटली दोन दिवस आधीच काढून टाकली होती. कापूर, निलगिरीचं तेल, बाम यातलं काहीही गाडीत ठेवलं नाही. सुगंधी तेलं पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते, आणि बंद गाडीत तो वास त्याला चुकवताही येत नाही. आईला घाट लागतो म्हणून ती प्रवासात बामाची डबी हुंगते. या वेळी तिनं लिंबू घेतलं आणि तेही पुढच्या सीटवर, पिशवीत बांधून.

पिंजऱ्याची जागा ठरवताना मंदार म्हणाला, "ताई, मागच्या सीटवर मांडीवरच घे ना." मांडीवर घ्यायचा मोह मलाही होता. पण ब्रेक लागला की मांडीवरचं मांजर पुढे फेकलं जातं, घाबरून सुटलं तर चालवणाऱ्याच्या पायाशी शिरतं. पुढच्या डाव्या सीटच्या मागे, खाली पायाशी जी जागा असते तिथे पिंजरा ठेवला आणि सीट मागे सरकवून घट्ट बसवला. तिथे हेलकावे कमी, ऊन येत नाही, एसीचा झोत थेट लागत नाही. आत थर लावले: खाली लघवी शोषणारं पॅड, त्यावर पातळाची घडी, पुन्हा पॅड, पुन्हा घडी. किडनीच्या मांजराला लघवी भरपूर होते आणि ती धरवत नाही. ओलं झालं की वरचा जोड ओढून काढायचा, खाली कोरडा तयार. ही युक्ती आईची. तान्ह्या बाळांच्या दुपट्यांवरून तिला ती सुचली.

परसातली लाल माती आणि चुलीतली राख मिसळून दोन पिशव्या भरल्या. ठकी जन्मभर मातीत गेलेली. विकतची वाळू ती मुंबईत हुंगेल आणि तुंबून बसेल, ही आईची भीती रास्त होती.

संध्याकाळी कंपाउंडर घरी आला आणि तिला मानेमागच्या कातडीखाली १०० मिली सलाईन देऊन गेला. डॉक्टरांनीच ही वेळ सांगितली होती. रात्रभर ते अंगात मुरतं, सकाळी निघताना शरीरात पाणी असतं आणि पाठीवर पाण्याचा फुगा घेऊन प्रवास करावा लागत नाही. बाटली आधी कोमट पाण्यात धरून मनगटावर तपासली होती. गार सलाईन आत गेलं की एवढंसं मांजर थरथरतं.

गुरुवार, चिपळूण ते बोरिवली

रात्री अकरानंतर खाणं बंद, पाणी मात्र समोर होतं. दोन वाजता चमचाभर खाण्यातून गॅबापेंटिनची मात्रा. हे औषध मांजराची धास्ती कमी करतं, पण ते किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून अशा मांजराला मात्रा बरीच कमी ठेवतात आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. ठकीला आधीच्या शनिवारी घरी एकदा देऊन पाहिलं होतं. त्या दिवशी ती जरा झोकांड्या खात चालली आणि मग गाढ झोपली. म्हणून औषध दिल्यावर तिला उंचावर चढू द्यायचं नाही हे आम्हाला ठाऊक होतं. उलटी थांबवणारी गोळीही डॉक्टरांनी दिली होती. काकूंनी "अंग दुखत असेल तर पॅरासिटामॉल द्या की अर्धी" असं सुचवलं होतं. आईनं त्यांना तिथल्या तिथे थांबवलं, हे इथे मुद्दाम लिहिते. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. माणसाच्या घरातल्या औषधांच्या डब्याशी मांजराचा काही संबंध नाही.

चार वाजता निघालो. पिंजऱ्यावर आईची गडद चादर, तीन बाजूंनी झाकलेली आणि माझ्या बाजूनं चार बोटं उघडी. टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी आत अर्ध्याच भागात ठेवली. हडकलेल्या मांजराला थंडी पटकन वाजते, पण नकोसं झालं तर सरकायला दुसरा अर्धा भाग हवा.

बहादूरशेख नाक्यावरून वाशिष्ठीचा पूल ओलांडला आणि परशुराम घाट लागला. मंदारला एकच सांगितलं होतं, "वेग महत्त्वाचा नाही, बदल नको." एकसारख्या साठात मांजर झोपतं. नव्वद, मग ब्रेक, मग पुन्हा नव्वद असं चाललं की त्याचं पोट ढवळतं. घाटात ठकीनं एकदा बारीक आवाज काढला. आई पुढून वळून म्हणाली, "ठके, आहे हो मी." मग लोटे गेलं, भरणे नाका गेला. कशेडीचा जुना घाट म्हणजे नुसती वळणं. आता बोगदा झाल्यापासून ती वाचतात. बोगद्यातला घुमणारा आवाज तिला सोसणार नाही असं वाटून मी चादर पूर्ण खाली सोडली, दोन मिनिटांनी बाहेर पडल्यावर वर केली. ती पुढच्या पायांवर हनुवटी टेकून होती.

पाहायचं काय, हे मी डॉक्टरांकडून नीट विचारून घेतलं होतं. झोपलेल्या मांजराचा श्वास मिनिटाला ३० च्या आत असावा. चादरीच्या फटीतून कुशीची हालचाल दिसत होती, मोबाईलच्या मंद उजेडात मोजली, २४ भरली. सलाईन घेणाऱ्या मांजरात ही मोजणी फार उपयोगी, कारण पाणी जास्त झालं आणि हृदयाला पेललं नाही तर पहिली खूण श्वासात दिसते. तोंड उघडं टाकून धापा टाकणं कुत्र्यात नेहमीचं असतं, मांजरात ती धोक्याची घंटा. तसं दिसलं तर गाडी थांबवून जवळचा दवाखाना गाठायचा, म्हणून महाड, माणगाव, पेण आणि पनवेल इथले पशुवैद्यकांचे नंबर मंदारनं आधीच लिहून ठेवले होते.

पोलादपूर, महाड मागे टाकून लोणेऱ्याच्या पुढे उजाडलं. माणगावच्या अलीकडे एका झाडाखाली थांबलो. थांबण्याची आमची रीत ठरलेली होती: आधी इंजिन बंद, काचा वर, चारही दारांना कुलूप, आणि त्यानंतरच पिंजऱ्याचं दार उघडायचं. आजारी मांजर पळणार कुठे, असं वाटतं. पण घाबरलं तर ते उघड्या दारातून सुटतं आणि अनोळखी रानात हाका मारूनही येत नाही. छोटा ट्रे मागच्या सीटवर ठेवून त्यात लाल माती पसरली. ठकी बाहेर आली, माती हुंगली, उकरली, बसली. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "बघ, आपली माती ओळखलीन तिनं." मग दोन घोट पाणी प्यायली, घरचंच, बाटलीतलं. बदललेल्या पाण्याच्या वासानंही मांजर तोंड फिरवतं आणि किडनीच्या मांजराला ते परवडत नाही. आम्ही चहा-वडा आळीपाळीनं बाहेर उभं राहून खाल्ला. तळणाचा वास गाडीत नको होता.

माणगाव ते इंदापूर रस्ता खराब, वळवलेला, मध्येच खडी. मंदारनं गाडी दुसऱ्या गिअरवर घेतली. मागच्या गाड्या हॉर्न मारत होत्या. त्यानं डावीकडे घेऊन सगळ्यांना जाऊ दिलं. त्या पट्ट्यात मी पिंजऱ्याच्या दोन्ही बाजूंना उशा दाबून धरल्या आणि खड्ड्याचा दणका हातांवर घेतला. कोलाड, नागोठणे झोपेतच गेलं. वडखळच्या पुढे पातळ ओलं झालं. पेणच्या आधी बाजूला थांबून वरचा जोड काढला, पिशवीत बांधला, आणि मिनिटभरात पुन्हा निघालो. ओल्यात बसलेलं मांजर चाटून स्वतःला साफ करायला बघतं, त्यात दमतं आणि गारठतं.

पनवेल, मग ऐरोलीचा पूल. २०२४ च्या ऑक्टोबरपासून मुंबईच्या नाक्यांवर छोट्या गाड्यांना टोल नाही, त्यामुळे तिथली रांग टळली. खरी परीक्षा पुढे होती. पवईच्या जोडरस्त्यावर साडेदहाच्या सुमाराला गाड्या एकाला एक चिकटून उभ्या होत्या. पहाटेपासून २०० हून जास्त किलोमीटर बिनतक्रार झालेले आणि आता चार किलोमीटरला पाऊण तास. औषधाचा अंमल उतरत आलेला. डाव्या बाजूला डंपर धडधडतोय, उजवीकडे दुचाकीवाला काचेला घासून जातोय. ठकी उठून बसली आणि ओरडू लागली, खालच्या, लांबट सुरात.

इथे हात शिवशिवतात. काढावं, कुशीत घ्यावं, समजूत घालावी. आई तर सीटबेल्ट काढून मागे वळलीच होती. मी तिला म्हटलं, "आई, बोल तिच्याशी, पण हात नको." मांजराला भीती वाटली की ते अंधार शोधतं, कपाटाखाली जातं. गाडीत तो अंधार आपणच द्यायचा असतो. चादर चारही बाजूंनी सोडली. धुराचा वास येऊ नये म्हणून बाहेरची हवा बंद करून एसीची आतलीच हवा फिरती ठेवली, २५ वर. गाणी आधीपासून बंदच होती. जाळीतून एक बोट आत ठेवलं, हलवलं नाही. आई तिच्या रोजच्या आवाजात गावच्या गोष्टी सांगू लागली: गाय कधी व्यायली, आंब्याला मोहर किती आलाय. ओरडणं थांबायला वेळ लागला, पण थांबलं, आणि माझ्या बोटाला तिचं नाक लागलं.

बोरिवलीला घरात शिरल्यावर तिला पूर्ण घर दाखवलं नाही. आतल्या खोलीत पिंजरा, मातीचा ट्रे, पाणी, पडदा ओढलेला, दार बंद. दोन तासांनी कोमट पाण्यात कालवलेलं ओलं खाणं तिनं खाल्लं, थोडंच. त्या दिवशी तेवढं पुरे होतं.

शुक्रवार, बोरिवली ते दादर

मंदारला ऑफिस, म्हणून मोबाईलवरून गाडी बोलावली. फोनवर आधीच सांगितलं की मांजर आहे. एकानं नकार दिला, दुसरा आला. डॅशबोर्डवर गणपतीपुढे उदबत्ती लावलेली. आईनं विचारलं, "भाऊ, आजारी आहे हो, तेवढी उदबत्ती..." त्यानं काही न बोलता ती विझवून काचा खाली केल्या, गाडी दोन मिनिटं हवेशीर होऊ दिली. "मांजराचा दवाखाना म्हणजे बैलघोडाच ना, परळचा?" त्यानं विचारलं. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट इस्पितळाचं हे मुंबईच्या तोंडातलं नाव. शेजारीच १८८६ पासून चालत आलेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय. आमच्या डॉक्टर तिथेच शिकल्या, दवाखाना मात्र त्यांचा स्वतःचा, दादरला.

बोरिवली ते दादर २५ किलोमीटरच्या आसपास, पण इथे किलोमीटरला अर्थ नाही. सकाळच्या गर्दीनंतर अकराला निघायचं आणि संध्याकाळच्या गर्दीआधी तीनला परतायचं, अशी वेळ आम्ही डॉक्टरांकडून मागून घेतली. मुंबईत आजारी जनावराला न्यायचं तर अपॉइंटमेंट घेताना घड्याळाबरोबर रस्ताही बघावा.

दवाखान्यात समोर एक लॅब्रॅडॉर शेपूट हलवत बसला होता. पिंजरा जमिनीवर ठेवला असता तर तो सरळ जाळीशी आला असता. खुर्चीवर ठेवला, तोंड भिंतीकडे, चादर वर. आत घेतल्यावर डॉक्टरांनी लगेच हात लावला नाही. दिवा मंद केला आणि दहा मिनिटं आम्हाला नुसतं बसवलं. मग पिंजऱ्याचं वरचं झाकण काढून ठकीला खालच्या अर्ध्या भागातच, आईच्या पातळावर बसल्या जागी तपासलं. पुढच्या पायाला लहान पट्टा बांधून रक्तदाब पुन्हापुन्हा घेतला, पहिला आकडा धरलाच नाही. १६० च्या वर सतत राहिला तर डोळ्यांच्या पडद्याला इजा होते, मांजर एकाएकी आंधळं होऊ शकतं. ठकीचा १४५ च्या जवळ स्थिरावला. "इतक्या लांबून आलेल्या मांजराचा एवढा शांत आकडा मी कमी बघते," डॉक्टर म्हणाल्या. आईनं माझा हात दाबला.

सोनोग्राफीत दोन्ही किडन्या लहान, कडा ओबडधोबड. खडा नाही, गाठ नाही. लघवी पातळ, पोटॅशियम कमी. त्यामुळेच ती मान खाली घालून चालत होती. शिरेतून सलाईन देण्यासाठी काही दिवस रोज यायला सांगितलं.

शनिवार, रविवार

पायात सुई बसवलेली, वर पट्टी. आता चढवणं-उतरवणंच अवघड. जाळीच्या दारातून ओढून काढताना पट्टी अडकते, म्हणून झाकण वरून काढायचं आणि पातळासकट उचलायचं. प्रवासात मध्येमध्ये पंजा पाहायचा. पट्टीखालचा भाग फुगलेला किंवा गार लागला तर बांधणी आवळलीय असं समजून लगेच सांगायचं. दवाखान्यातल्या खणात ती चार तास असायची. तिथेही पुढे चादर लावली आणि आत तेच पातळ.

शनिवारी कलानगरच्या पुलाआधी लग्नाच्या मिरवणुकीचा बँड लागला. गाडीवाल्यानं मागे पाहिलं आणि आम्ही न सांगता डावीकडच्या गल्लीत गाडी घातली. रविवारी रस्ता मोकळा होता, जाताना पाऊण तासही लागला नाही.

खाण्याची काळजी मात्र वाढली. दोन-तीन दिवस मांजर नीट जेवलं नाही तर अंगातली चरबी यकृतात साचू लागते, आणि मूळ आजाराइतकंच ते दुखणं मोठं होतं. किडनीसाठी खास खाणं मिळतं, फॉस्फरस कमी असलेलं, पण ठकीनं त्याला तोंड लावलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता ती जे खाईल ते द्या, पथ्य नंतर." आईनं बाजारातून मांदेली आणली, मीठ-हळद-कांदा-लसूण काहीही न घालता उकडली, काटे काढून कोमट दिली. कांदा-लसणानं मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, म्हणून आमच्या कालवणातलं काही तिला चालत नाही. तिनं ताटली चाटून पुसली. प्रवासाआधी मात्र चार तास काही नाही, परत आल्यावर लगेच. घरी आलं की जेवण मिळतं हे तिला कळलं असावं, कारण रविवारी लिफ्टमध्येच ती आवाज देऊ लागली.

सोमवार, मंगळवार

सोमवारी रक्त पुन्हा तपासलं. क्रिएटिनिन ३.२. किडनी परत नवी होत नाही, हे डॉक्टरांनी आईला नीट, न लपवता सांगितलं. पाणी पुरलं, भूक टिकली, उलटी आवरली तर बरे दिवस वाढतात. आईनं विचारलं, "पुन्हा आणू का दर महिन्याला?" डॉक्टरांचं उत्तर मला फार आवडलं: रक्त चिपळूणला काढा, आकडे मला पाठवा, ठकीला आणू नका. अडल्याशिवाय आजारी मांजराला हलवायचं नाही.

मंगळवारी कुठेही नेलं नाही. खिडकीच्या जाळीपलीकडे कबुतरं बसली होती, ठकी गादीवरून त्यांच्याकडे बघत दात कटकटवत होती. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे आईनं त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः सुई टोचली. मानेमागची कातडी तंबूसारखी उचलून, हात न थरथरता. मला ते जमलं नसतं असं मला वाटतं. आईला जमलं, कारण घरी हे तिलाच करायचं होतं.

बुधवार, परत

शिमग्याला पालखी घरी येते, त्याआधी आईला गाव गाठायचं होतं. पुन्हा पहाटे चार. या वेळी मंदारनं शिवडीवरून अटल सेतू घ्यायचं ठरवलं. बोरिवलीकरांना तो वळसाच, पण त्या वेळी द्रुतगती मार्ग रिकामा असतो. २१.८ किलोमीटर सरळ, सिग्नल नाही, गतिरोधक नाही, दुचाकी आणि रिक्षांना बंदी. तिथे थांबता येत नाही, म्हणून शिवडीलाच पॅड बदलून घेतलं. २५० रुपये टोल लागला. पवईच्या त्या पाऊण तासापुढे मला तो फार वाटला नाही. गाडी ऐंशीवर ठेवली. चिर्लेला उतरेपर्यंत ठकीनं कूसही बदलली नाही.

इंदापूर-माणगावचे खड्डे तसेच, उशा तशाच. लोणेऱ्याला माती पसरली, पाणी दिलं. कशेडीचा बोगदा, परशुराम, वाशिष्ठी. साडेअकराला अंगणात. आईनं पिंजरा सरळ स्वयंपाकघरात त्याच्या कोपऱ्यात नेला, दार उघडलं आणि आम्हा दोघांना बाहेर काढलं. "तिला तिची येऊ दे," म्हणाली.

मंदारनं खिडकीच्या चौकटीत सलाईनच्या बाटलीसाठी खिळा ठोकला, आईच्या खांद्यापेक्षा हातभर उंच, म्हणजे धार नीट पडते. पालखीच्या दिवशी ढोल-ताशे अंगणात येतील. ठकीला त्या वेळी मागच्या खोलीत, माती आणि पातळासह, दार लावून ठेवायचं आणि सलाईन आदल्या रात्रीच देऊन टाकायचं, असं आईनं ठरवलंय. रक्ताची पुढची तपासणी मार्चअखेर, चिपळूणलाच.